धूर नसतो तेव्हा त्या कुठे असतात

मैनाबाई,

तुम्ही गेल्याचं सुनंदानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी तिला पहिला प्रश्न काय विचारला ते तुम्हाला सांगायची लाज वाटते. पण एक गोष्ट तुमच्यापासून लपवून मी एकदा चांगलीच पस्तावले आहे, म्हणून सांगून टाकते.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. पहिल्या वर्षाच्या मुली झुरळाचे मुखभाग काचपट्टीवर मांडत होत्या. तुमच्या नंबरवरून फोन आला म्हणून मी हसतच उचलला. पलीकडे तुमची सून. "मॅडम, आत्याबाई गेल्या. पाच दिवस झाले. त्यायचा फोन बंद पडला होता, आज चार्ज केला तं तुमचा नंबर भेटला."

कशा गेल्या, त्रास झाला का, शेवटी कोण होतं, यातलं मी काहीच विचारलं नाही. माझ्या तोंडून निघालं, "सुनंदा, धुरात माश्या आल्या होत्या का गं?"

"कोनत्या धुरात?"

"चितेच्या."

 ती अगदी हळू, मलाच वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाली, "मॅडम, आमच्यात माती देते. जाळत नाई."

पाच वर्षं मी तुमच्या अंगणात येत होते. तुमच्या गावात ऐनाच्या लाकडाचा धूर केला तर पहिली माशी किती मिनिटांनी येते, हे मला तोंडपाठ होतं. तुमच्या घरात माणूस गेल्यावर त्याला कुठे आणि कसं निरोप देतात, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं. फोन ठेवला आणि मुलींना म्हटलं, आज इतकंच पुरे.

रात्रभर मला वाटत राहिलं, की तुम्ही असता तर रागावला नसता. हसला असता. "इचारलं तं बरोबर," म्हणाला असता. त्यानं लाज कमी झाली नाही, पण झोप लागली.

*

मला आपली पहिली सकाळ आठवते, कारण त्या सकाळी मी तुम्हाला शिकवायला आले होते.

मोह गळायचे दिवस होते. मोहाच्या फुलांवर कोणकोणते किडे येतात याच्या नोंदी घ्यायला मी सिंदेवाहीहून पहिल्या बसनं निघून तुमच्या गावाच्या कडेला उतरले होते. झाडाखालचा पाचोळा झाडून तुम्ही एका बाजूला ढीग केला होता आणि तो धुमसत होता. गावात शिरताना वनविभागाची पाटी मी वाचली होती, जंगलात आग लावू नका. मी तुम्हाला ते ऐकवलं. आगीनं रोपं जळतात, पाखरांची अंडी जळतात, माती उघडी पडते. तुम्ही टोपली खाली ठेवून सगळं ऐकून घेतलंत.

"पाचोळ्यात फूल दिसत नाई मॅडम," तुम्ही म्हणालात. "मी ढीग करते, जाळते, राखेवर पानी टाकते. थंडी झाल्याबिगर इथून हालत नाई. आग सोडून जाते ते येगळे लोक." मग माझ्या हातातल्या जाळीकडे पाहून विचारलंत, "तुमी माशायच्या मॅडम का?"

"किड्यांच्या," मी म्हटलं.

"मंग ह्या धुराच्या माशा कोनत्या?"

"धुरानं माश्या पळतात, मैनाबाई. गोठ्यात धूर करता ना तुम्ही?"

"गोठ्यातल्या पळते. ह्या येते."

मी धुराकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, चष्मा धुरकट. काळे बारीक कण वरखाली होताना दिसले. "ती राख उडते आहे," मी म्हटलं.

तुम्ही कमरेवर हात ठेवलात. "राखेले पाय असते का?"

आणि तळहाताला थुंकी लावून तुम्ही तो हात धुरातून असा फिरवलात, की जणू उडणारं पीठ गोळा करताय. माझ्यासमोर तळहात धरलात. त्यावर एक काळी माशी चिकटलेली होती, मोहरीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, आणि ती पाय झाडत होती.

मी भिंग काढलं. मखमलीसारखं काळं अंग. डोळे एवढे मोठे, की डोक्यावर येऊन एकमेकांना भिडलेले. मागच्या पायांची टोकं चपटी, रुंद. वीस-बावीस वर्षं मी कीटक शिकवत होते आणि धुरानं किडे दूर जातात हे दरवर्षी फळ्यावर लिहीत होते. अशी माशी मी पाहिलेली नव्हती.

"हिचं नाव काय?" मीच तुम्हाला विचारलं.

"मॅडम तुमी हाय का मी?"

"तुमच्या बोलीत काही म्हणत असाल. गोंडीत?"

तुम्ही खरंच आठवून पाहिलंत. मग मान हलवलीत. "नाव नाई. चावत नाई, खाता येत नाई, धान खात नाई. कोन नाव ठेवन?"

त्या रात्री मी घरी पुस्तकं काढून बसले. अशा माश्यांचं एक कुळ आहे, धूर झाला की कुठून तरी येऊन धुरात थव्यानं नाचणारं, एवढं सापडलं. त्यांच्या बाकीच्या भाऊबंदांच्या अळ्या अळंबीत आणि बुरशीत वाढतात, हेही सापडलं. या धुरवाल्यांच्या अळ्यांबद्दल मला नीट काहीच मिळालं नाही. पुढच्या रविवारी मी पुन्हा आले. त्याच्या पुढच्याही.

*

आपली साधनं आठवतात? माझ्याकडे मोबाइलमधलं घड्याळ, तुमच्याकडचं फुटकं घमेलं. घमेल्यात अर्धवट ओली काटकी, वर पाचोळा. एका आठवड्यात साग, एकात ऐन, एकात टेंभूर, एकदा नुसती गोवरी. नळीनं माशी ओढून घ्यायचं ते साधन मी दाखवलं, बुचात बसवलेल्या दोन नळ्या, एक तोंडात, एक माशीवर, आणि मध्ये जाळीचा तुकडा. तुम्ही पदर तोंडावर धरून इतक्या हसलात की खाली बसलात. "मॅडम माशा पिऊन राह्यल्या वं," असं तुम्ही सुनंदाला हाक मारून सांगितलंत. दोन रविवारांनी तुम्ही माझ्यापेक्षा दुप्पट माश्या पकडत होता. माझा श्वास एकदम ओढला जायचा आणि माशीचे पंख मोडायचे. तुमच्या नळीतली माशी अखंड असायची.

जाळ भडकला की त्या येत नाहीत, नुसतं धुमसताना येतात, हे तुम्ही सांगितलंत. वाऱ्याकडे तोंड करून धुराच्या कडेला आधी रांग धरतात आणि मग आत शिरतात, हेही. धूर संपला की दिवा मालवल्यासारख्या जातात. कुठे जातात ते दिसत नाही. एकदा तुम्ही मला दंडाला धरून खाली वाकवलंत. थोडी मोठी, लांब पायांची दुसरी एक माशी त्या थव्यात घुसली होती आणि एकेकीला उचलत होती. "पाहा," तुम्ही कुजबुजलात, "ह्यायच्या लग्नात वाघही येते." मी वहीत तिचं नाव वाघमाशी असं लिहिलं. ते नाव कुठल्याच पुस्तकात नाही, पण माझ्या वहीत आजही तेच आहे.

लग्न म्हणालात ते मात्र अडलं. दोन वर्षांत पकडलेली प्रत्येक माशी नर निघाली; डोळे असे डोक्यावर भिडलेले असतात ते नरांचेच. दूरच्या एका शहरात अशा माश्यांचा अभ्यास करणारे गृहस्थ आहेत, त्यांना मी नळ्या पाठवल्या. त्यांनी उलट कळवलं, नर छान आहेत, मादी मिळाली तर पाठवा, अळी मिळाली तर फारच उत्तम. मी ते पत्र तुम्हाला वाचून दाखवलं.

"सगळे गडीच?"

"सगळे."

"बायाईले येळ नसन," तुम्ही भातातले खडे निवडत म्हणालात. "गडी नाचून राह्यले, बाया कामात."

मी हसले, पण तुम्ही हसला नाहीत. तुम्हाला ते खरंच उत्तर वाटत होतं, आणि आता मला वाटतं, ते बरंच बरोबर होतं.

आपलं भांडण याच्याहून जुनं. धूर नसतो तेव्हा त्या कुठे असतात? तुमचं म्हणणं, त्या इथेच असतात, आपल्याला दिसत नाहीत इतकंच. माझं म्हणणं, धुराच्या वासावर त्या लांबून येतात. मी तुम्हाला हरवायचं ठरवून एक सकाळ नुसती जाळी फिरवत काढली, धुराशिवाय, त्याच मोहाखाली. काही सापडलं नाही. "पाहा," मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "जाळीत वारा सापडत नाई. म्हनून वारा नाई का?"

मग कापणी झाल्यावर आपण घमेलं उचलून धानाच्या मोकळ्या बांध्यांच्या मधोमध नेलं, झाडांपासून जितकं दूर जाता येईल तितकं. तिथेही त्या आल्या, पण बऱ्याच उशिरा. मी विजयानं तुमच्याकडे वळले. "आल्या की नाही लांबून?"

तुम्ही धुराकडे पाहत उभ्या होतात. "इथी उशिरा आल्या, म्हंजे दुरून आल्या," तुम्ही सावकाश म्हणालात. "झाडापाशी लवकर आल्या, म्हंजे जवळून आल्या. मंग झाडापाशीच रायते ना मॅडम? तुमीबी खऱ्या, मीबी खरी."

दोन वर्षांच्या मिनिटांच्या नोंदी माझ्या वहीत होत्या. एवढं वाक्य मला त्यातून काढता आलं नव्हतं.

*

खोकला तुम्हाला आधीपासून होता. आपण भेटलो त्या पहिल्या सकाळीही होता, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगते. चौथ्या वर्षी तुम्ही अंगणातून विहिरीपर्यंत जाताना दोनदा थांबू लागलात. तुमचा मुलगा गडचांदूरला ट्रकवर, त्याला सुट्टी मिळेना, म्हणून मीच तुम्हाला चंद्रपूरला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर समजूतदार होते. छातीचा फोटो उजेडात धरून त्यांनी मला दाखवला. वर्षानुवर्षांचा चुलीचा धूर, म्हणाले, छाती खराब झाली आहे, आता धूर पूर्ण बंद. मग त्यांनी मला विचारलं, "या काय काम करतात?"

मी म्हटलं, "धानाचं. मोह, तेंदू."

दर रविवारी माझ्याबरोबर घमेल्यावर वाकून उभ्या राहतात, हे मी सांगितलं नाही. तुम्ही शेजारी स्टुलावर बसला होता. तुम्हीही ते ऐकलंत. परतीच्या बसमध्ये तुम्ही खिडकीला डोकं टेकून झोपलात आणि मी सगळा रस्ता त्या एका उत्तराकडे पाहत बसले.

त्यानंतर मी रविवारी येईनाशी झाले. परीक्षा आहेत, पेपर तपासायचे आहेत, असं सांगत राहिले. परीक्षा होत्या, ते खोटं नव्हतं. पण घमेलं घेऊन मी दुसऱ्या एका गावात जात होते, आणि ते गाव तुमच्या गावापासून फार दूर नव्हतं. मला वाटलं, तुम्हाला कळलं तर तुम्ही येणार, आणि आलात की वाकणार. तुम्हाला कळलंच. बाजाराच्या दिवशी त्या गावच्या कुणा बाईनं सांगितलं, तुमच्या माशावाल्या मॅडम आमच्याकडे येऊन राह्यल्या.

पुढच्या खेपेला मी सीताफळं घेऊन आले, तर तुम्ही बाजेवरून उठला नाहीत. चहाही सुनंदानंच दिला.

"माह्या माशा मले न सांगता पाहता?" तुम्ही म्हणालात.

"तुमच्या छातीसाठी, मैनाबाई. डॉक्टरांनी काय सांगितलं ते ऐकलंत ना?"

"छाती माही हाय. इचाराचं होतं."

"विचारलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "लगन झालं तवापासून चुलीपाशी बसली. तवा कोनी म्हनलं नाई, बाई, धूर वाईट. सगळ्यायनं जेवलं. आता मले मजा येते, मी काही पाहून राह्यली, तं त्या धुराले सगळे नाई म्हनता." थोडा दम घेऊन तुम्ही पुढे म्हणालात, "तुमीबी."

  तुमच्या फुप्फुसांबद्दल मी बरोबर होते आणि तरी तुमच्याबद्दल चुकले होते. या दोन गोष्टी एकत्र कशा बसवायच्या ते मला अजून जमलेलं नाही. सीताफळं तिथेच ठेवून मी परत आले आणि नंतर कित्येक महिने आपण बोललो नाही.

मग यंदा धानाच्या रोवणीच्या दिवसांत अचानक तुमचा फोन. ना विचारपूस, ना रुसवा. "मॅडम, त्या माशायचे भाऊबंद कुठी रायते म्हनल्या होत्या तुमी? बुरशीत का?"

"अळंबीत, बुरशीत. कुजक्या लाकडावर येते त्या. पण या आपल्यांचं माहीत नाही."

"जळल्या लाकडावर येते, त्या बुरशीतबी?"

"असू शकेल. का?"

"काई नाई," तुम्ही म्हणालात. श्वास लागलेला ऐकू येत होता. "येजा कधी."

मी म्हटलं, पोळा झाला की येते. मला वाटलं, तुम्हाला एकटं वाटतंय, बोलायला निमित्त हवंय. तुम्हाला तसं काहीच वाटत नव्हतं. तुम्हाला माहिती हवी होती. मी तेव्हाच निघाले असते तर तुम्ही भेटला असता. पोळ्याला अजून बरेच दिवस होते.

*

सुनंदाच्या फोननंतर तिसऱ्या दिवशी मी आले. सुनंदानं आधी मला गावाबाहेर नेलं, तुम्हाला माती दिली तिथं. जागा झाडीत आहे, सावलीची. सुनंदानं सांगितलं की शेवटचे दोन दिवस तुम्ही फार बोलत नव्हता, पण त्रास कमी होता, आणि मुलगा वेळेवर पोचला. मी हे सगळं विचारलं. उशिरा का होईना, विचारलं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "एक दाखवाचं हाय," आणि मला मागच्या खोलीत घेऊन गेली, जिथं तुम्ही बियाणं ठेवता.

भिंतीला लागून सात मडकी मांडलेली होती. प्रत्येकाच्या तोंडावर जुन्या लुगड्याचं पातळ फडकं, सुतळीनं घट्ट बांधलेलं. प्रत्येकाच्या गळ्यात एक वाळलेलं पान अडकवलेलं. मोहाचं, ऐनाचं, टेंभुराचं, बांबूचं. आत त्या त्या झाडाचं लाकूड. उन्हाळ्यात वणवा लागून गेलेल्या पट्ट्यातून तुम्ही सुनंदाला ते आणायला पाठवलं होतं, पाऊस पडून त्यावर बुरशी धरल्यावर, आणि ओंडके बुडातून उचलायचे, झटकायचे नाहीत, असं बजावून.

"रोज थोडं पानी शिंपाचं," सुनंदा सांगत होती. "खोलीत धूर नाई येऊ द्याचा. म्हनून मी चूल बाहेर नेली. आत्याबाई म्हने, मले धुरात जाऊ देत नाई ना, मंग मी बिनधुराचं पाहीन."

मी खाली बसले. मोहाचं पान दोन मडक्यांना होतं. "ही दोन का?"

"ह्याच्यात जळकं हाय. ह्याच्यात त्याच झाडाचं, पन न जळलेलं. मी म्हनलं, हे काऊन? तं म्हनल्या, न जळलेल्यातून नाई निघाल्या तं मंगच खरं."

मैनाबाई, हेच मी दरवर्षी मुलांना शिकवते, तुलनेसाठी एक संच बाजूला ठेवायचा असतो. निम्मी मुलं प्रयोगवहीत तो संच आकृतीपुरता काढतात आणि प्रत्यक्षात विसरतात. तुम्हाला मी हे कधीच शिकवलं नव्हतं. आपण दोघींनी इतकी वर्षं इतका धूर केला, त्यातही कधी तसं केलं नव्हतं.

मी विजेरी धरून फडक्यांतून पाहिलं. दोन-तीन मडक्यांत नाजूक लांब पायांची चिलटं उडत होती. ओल्या लाकडात ती निघतातच. आपली एकही नव्हती. तरी मी म्हटलं, ही सगळी मी प्रयोगशाळेत नेते, तिथं नीट राहतील.

"नाई," सुनंदा म्हणाली.

पाच वर्षांत तिला मी चहा देताना आणि हसताना पाहिलं होतं. नाही म्हणताना प्रथमच.

"बसमदी हालन. हालवू नको म्हनल्या होत्या. आत्याबाईचं काम हाय, इथीच राहीन. तुमी मले सांगा, काय पाहाचं ते."

तुम्हीच मला शिकवलं होतं, विचारायचं असतं. मी विचारलंही नव्हतं, नुसतं 'नेते' म्हटलं होतं. मग मी पिशवीतून भिंग आणि ओढायची नळी काढून तिला दिली. डोळे कसे असतात, मागचे पाय कसे ओळखायचे ते कागदावर काढून दाखवलं. तिनं कागद घडी करून पोलक्यात ठेवला.

मी परतल्यावर आठव्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "मॅडम, जळक्या मोहाच्या मडक्यात एक हाय. फडक्याले खालून चिकटून हाय. काळी. मी नळीत घेतली. जित्ती हाय. पाय चपटे दिसून राह्यले."

मी कॉलेजात रजा कळवली आणि मिळेल त्या बसनं निघाले. पोचल्याबरोबर दारापासूनच तिची उलटतपासणी केली. फडकं फाटलं होतं का? सुतळी सैल होती का? खोलीत धूर? अगरबत्ती तरी? तिनं प्रत्येक प्रश्नाला नाही म्हटलं, न चिडता. न जळलेल्या मोहाच्या मडक्यात काही नव्हतं, मी दोनदा पाहिलं.

मग आम्ही दाराच्या उजेडात बसलो आणि मी नळी भिंगाखाली धरली. मखमली काळी. मागचे पाय चपटे, रुंद. आणि डोळे डोक्यावर भिडलेले नव्हते. मध्ये स्पष्ट फट होती. मादी होती ती, मैनाबाई. आपण पकडलेल्या त्या सगळ्या गड्यांनंतरची पहिली बाई, आणि ती धुरात आलीच नव्हती. तुमच्या बियाण्याच्या खोलीत, जळक्या लाकडातून निघाली होती.

एका माशीनं काही सिद्ध होत नाही, हे मीच तुम्हाला शंभरदा म्हटलं आहे. अजूनही म्हणते. आणखी निघायला हव्यात, आणखी मडकी हवीत, पुढचा उन्हाळा बघायला हवा. ती आता स्पिरिटच्या नळीत माझ्या टेबलावर आहे आणि तिच्या चिठ्ठीवर गोळा करणाऱ्यांची दोन नावं आहेत, तुमचं आणि सुनंदाचं. त्या गृहस्थांना पाठवीन तेव्हा त्यांना कळेलच. पण त्या दिवशी दारात बसून मला डॉक्टरांसमोर न दिलेलं उत्तर तुम्हाला द्यायचं होतं आणि तुम्ही नव्हता. तुम्ही माझ्यासोबत धुरात उभ्या होतात, त्यानं तुमचं किती बिघडलं ते मला माहीत नाही. कमी की जास्त, कुणी सांगू शकणार नाही. मी ते सांगायला हवं होतं, इतकंच मला माहीत आहे.

सुनंदानं माझ्या हातातून भिंग घेतलं आणि बराच वेळ त्या माशीकडे पाहत राहिली. नळीत ती काचेवर चढत होती, घसरत होती, पुन्हा चढत होती.

"मॅडम," ती म्हणाली, "गडी तं धुरातच भेटते ना?"

"आजवर तरी तिथंच भेटलेत."

"मंग ही इथी निघाली. बाहेर पाऊस, कुठी आग नाई, धूर नाई. हिले गडी कसा भेटन?"

 मी म्हटलं, "माहीत नाही गं."

"बरं," ती म्हणाली, आणि भिंग डोळ्याला तसंच धरून पुन्हा वाकली.